पत्ता स्टुटगार्टचा, ओटीपी कोथरूडचा: परदेशातून क्रेडिट कार्डे सांभाळताना

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत आणि बँकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्याची कार्डे आहेत त्याला पुढे 'खातेदार' म्हटले आहे.

पार्श्वभूमी

खातेदार चाकणच्या एका वाहननिर्मिती कंपनीत डिझाइन इंजिनिअर होते. वय चौतीस, घर कोथरूडला, वडील निवृत्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोकरी बदलून ते पत्नीसह स्टुटगार्टला गेले. करार तीन वर्षांचा होता.

निघताना त्यांच्याकडे तीन क्रेडिट कार्डे होती. पहिले २०१३ चे, पहिल्या पगारावर मिळालेले आणि आजन्म मोफत. त्यावर ११,२०० पॉइंट पडून होते. दुसरे प्रवासाचे कार्ड, वार्षिक शुल्क १,५०० रुपये अधिक जीएसटी, त्यावर १,३८,००० पॉइंट. तिसरे कॅशबॅकचे. त्याचे ॲड-ऑन कार्ड (त्याच खात्यावरचे जादा कार्ड) आईकडे होते आणि किराणा, औषधे त्यावर होत. त्याचे बिल वडील दर महिन्याला स्वतः भरत.

जर्मनीतल्या कार्डांवर पॉइंट जवळजवळ मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून ग्राहकांच्या कार्डांवरचे इंटरचेंज शुल्क क्रेडिटसाठी ०.३ टक्के आणि डेबिटसाठी ०.२ टक्के इतके मर्यादित केले आहे. दुकानदाराकडून बँकेला मिळणारा हा वाटा एवढा तुटपुंजा असल्यावर ग्राहकाला वाटायला उरणार काय? भारतात क्रेडिट कार्डांवर अशी मर्यादा नाही, म्हणून इथली कार्डे उदार दिसतात. आई-वडिलांना जर्मनीला आणायचे होते. त्यासाठी भारतातलीच आणखी दोन प्रवासाची कार्डे घ्यायची, नव्या ग्राहकाला मिळणारे स्वागताचे पॉइंट मिळवायचे आणि त्यांतून तिकिटे काढायची, असा बेत ठरला.

निघण्यापूर्वी जे राहिले

पुढचे सगळे तीन गोष्टींमुळे घडले आणि तिन्ही पुण्यात असताना एका दुपारीत होण्यासारख्या होत्या.

बचत खाते निवासी म्हणूनच राहिले. परकी चलनाच्या व्यवहारांसाठीच्या फेमा कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती निघाल्यापासून अनिवासी ठरते. अशा माणसासाठी १८२ दिवस वगैरे हिशेब प्राप्तिकराचा, तो वेगळा. अनेकजण दोन्हींची सरमिसळ करतात आणि 'अजून वर्ष कुठे झालंय' म्हणून थांबतात. निवासी खाते एनआरओ, म्हणजे भारतातल्या पैशांसाठीचे अनिवासी खाते, करून घ्यावेच लागते.

बँकांकडे नोंदवलेला ईमेल चाकणच्या कंपनीचा होता. नोकरी सोडली त्या दिवशी तो बंद झाला.

मोबाइल नंबर प्रीपेड होता. निघताना वर्षभराचे रिचार्ज मारले आणि रोमिंग चालू केले. हे बरोबरच केले, पण ते संपण्याची तारीख कुणीच कॅलेंडरवर लिहिली नाही.

चार अर्ज, एकोणीस दिवस

नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये खातेदारांनी स्टुटगार्टहून एकोणीस दिवसांत चार अर्ज केले. सगळीकडे पत्ता कोथरूडचा आणि 'निवासी भारतीय' या चौकटीवर खूण.

पहिला अर्ज व्हिडिओ केवायसीला अडकला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या व्यवस्थेने भारताबाहेरच्या आयपी ॲड्रेसवरून आलेली जोडणी रोखायची असते आणि ग्राहकाचे ठिकाणही नोंदवायचे असते. कॉल सुरू होण्याआधीच तुटला. दुसऱ्या अर्जाला त्यांनी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपले खरे ठिकाण लपवणारी सोय, लावून पाहिली. बनावट आयपी ओळखणेही त्याच नियमात बसते. अर्ज फेटाळला गेला, कारण मोघम दिले. या वाटेला कुणी जाऊ नये. एकदा संशयित अशी नोंद झाली की त्या बँकेत पुढे खरा अर्जही रखडू शकतो.

तिसऱ्या बँकेने प्रत्यक्ष केवायसीसाठी माणूस घरी पाठवला. दार वडिलांनी उघडले. "साहेब आहेत का?" "तो जर्मनीत असतो. गणपतीला येईल, तेव्हा या." एवढ्यावर अर्ज निकालात निघाला. वडिलांनी खरे सांगितले, त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. चुकले होते ते फॉर्मवर.

चौथा अर्ज प्रवासाच्या कार्डाच्याच बँकेत होता. जुने ग्राहक म्हणून केवायसी न मागता कार्ड मंजूर झाले. कुरिअरवाला मात्र कार्डधारकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय पाकीट द्यायला तयार नव्हता. दोन खेपा झाल्या आणि पाकीट परत गेले. दिल्यापासून तीस दिवसांत कार्ड सुरू केले नाही, तर बँकेने ओटीपीने संमती मागायची आणि ती आली नाही तर सात कामकाजी दिवसांत कोणताही खर्च न लावता कार्ड बंद करायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा निर्देश आहे. कार्डच हातात नसल्याने खातेदारांनी संमती दिली नाही आणि ते बंद झाले.

हाती एकही कार्ड आले नाही, मात्र पत-अहवालात चार चौकश्यांची नोंद लागली. महिन्याभरात चार ठिकाणी हात पसरलेला माणूस कुठल्याच बँकेला आवडत नाही.

१,७७० रुपयांची गोष्ट

खरे नुकसान अर्जांनी केले नाही, ते एका छोट्या बिलाने केले.

बचत खात्याची केवायसी नव्याने करण्याची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपत होती. तसा एसएमएस आला, पण 'केवायसी अपडेट करा, नाहीतर खाते बंद' अशा मेसेजला फसवणूक समजायचे हे आपण सगळेच शिकलो आहोत, म्हणून त्यांनी तो पुसून टाकला. ईमेल बंद ईमेलवर गेला. (योग्य मार्ग म्हणजे मेसेजमधली लिंक सोडून द्यायची आणि स्वतः नेटबँकिंग उघडून पाहायचे. सूचना खरी असेल तर तिथे दिसते.) फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकेने खात्यातून पैसे बाहेर जाणे रोखले.

त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सिमचे वर्षभराचे रिचार्ज संपले आणि थोड्याच दिवसांत येणारे एसएमएसही थांबले. त्यानंतर प्रवासाच्या कार्डाचे वार्षिक शुल्क लागले: १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७० रुपये. भरण्याची तारीख ४ मार्च. ऑटो-डेबिट त्याच रोखलेल्या खात्याला जोडलेले, म्हणून ते परत गेले. आठवणीचे एसएमएस बंद सिमवर आणि ईमेल बंद ईमेलवर.

२०१३ चे कार्ड जानेवारी २०२४ नंतर वापरलेच नव्हते. एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेल्या कार्डाबाबत बँकेने ग्राहकाला कळवायचे आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर ते बंद करायचे, हेही त्याच निर्देशात आहे. नोटीस कुठे गेली असेल ते सांगायला नको. मार्चअखेर ते कार्ड बंद झाले, ११,२०० पॉइंट गेले आणि पत-इतिहासातले सर्वांत जुने चालू खाते मिटले. वर्षातून एकदा शंभर रुपयांचा मोबाइल रिचार्ज त्या कार्डावर केला असता तरी ते टिकले असते.

उलगडा एप्रिलच्या शेवटी झाला. प्रत्येक पत-माहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देते. तो उघडल्यावर पत-स्कोअर ७८६ वरून ७०३ वर आलेला दिसला. वडिलांनी त्याच दिवशी सिमला रिचार्ज मारले. वापर नसलेला प्रीपेड नंबर साधारण नव्वद दिवसांनी बंद होऊ शकतो, म्हणजे नंबर अगदी काठावर वाचला. प्रवासाच्या कार्डाचे बिल २९ एप्रिलला भरले गेले, छप्पन्न दिवस उशिरा. लेट फी, व्याज आणि त्यांवरचा जीएसटी धरून रक्कम सुमारे ३,१०० रुपये झाली होती.

पर्याय आणि हिशेब

मे महिन्यात कुटुंबाने वहीवर हिशेब मांडला. तो आधी मांडला असता तर निम्मे प्रकरण घडलेच नसते.

भारतीय कार्ड युरोपात वापरले तर काय पडते? सोयीसाठी एक युरो शंभर रुपये धरू. १,००० युरोंचा खर्च म्हणजे १,००,००० रुपये. परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचे जादा शुल्क, ३.५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३०, एकूण ४,१३०. प्रवासाचे कार्ड दर १५० रुपयांना ४ पॉइंट देते, म्हणजे फार तर २,६६४ पॉइंट. दोन पॉइंटांचा विमान कंपनीचा एक मैल (तिकिटासाठी वापरायचा) आणि मैल एक रुपयाचा धरला तर १,३३२ रुपये. दर हजार युरोंमागे सुमारे २,८०० रुपयांचा तोटा. शिवाय प्रत्येक व्यवहार १५० च्या पटीत खाली मोजला जातो, त्यामुळे सव्वा युरोच्या ब्रेत्झेलवर एकही पॉइंट नाही. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत द्यायचे का' असे विचारले आणि हो म्हटले, तर दुकानाच्या बाजूचा विनिमय दर लागतो. तो आणखी महाग.

दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर हेच ओझे २,३६० रुपये होते. जर्मन बँकेच्या कार्डावर युरोत खर्च केला तर ते शून्य.

आता स्वागताचे पॉइंट. ज्या कार्डासाठी सर्वांत जास्त धडपड झाली त्याचे शुल्क जीएसटीसह ५,९००, स्वागताचे १०,००० पॉइंट, आणि अट नव्वद दिवसांत दीड लाखाच्या खर्चाची. हा खर्च स्टुटगार्टमध्ये केला असता तर साडेतीन टक्क्यांनी मार्कअप जीएसटीसह ६,१९५ रुपये. अर्ध्या रुपयाच्या दराने पॉइंटांची किंमत ५,०००. म्हणजे कार्ड मिळाले असते तरी सात हजारांच्या खड्ड्यात. खर्च पुण्यातला असेल तरच गणित जमण्याच्या जवळ येते, आणि पुण्यातला खर्च तर आई-वडील करत होते.

चार वाटा समोर होत्या.

सगळी भारतीय कार्डे पॉइंट वापरून बंद करायची. सुटसुटीत, पण तीन वर्षांनी परत आल्यावर गृहकर्ज लागणार होते आणि तेव्हा पत-इतिहास कोरा नको होता.

आहे तसेच निवासी म्हणून चालू ठेवायचे. बरेच लोक हेच करतात. पण बँकेच्या लक्षात आल्यावर खाते किंवा कार्ड अचानक रोखले जाते, आणि फेमाच्या उल्लंघनाला रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान बचत खात्यावर तेवढे क्वचितच होत असेल, तरी अर्जावरचे खोटे विधान बँकेच्या फायलीत कायम राहते.

एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचे अनिवासी खाते) मुदत ठेवीवर अनिवासी भारतीयांसाठीचे कार्ड घ्यायचे. अनिवासी व्यक्तीला क्रेडिट कार्ड देण्याची मुभा आहे आणि बिल एनआरई, एनआरओ खात्यातून किंवा परदेशातून पाठवलेल्या पैशांतून भरता येते. वाट सरळ आहे. मात्र एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी जर्मनीत राहणाऱ्याला ते तिथे दाखवावे लागते. माणशी १,००० युरोंच्या सवलतीपलीकडच्या व्याजावर अधिभारासह २६.३७५ टक्के कर. 'एनआरई म्हणजे टॅक्स फ्री' हे वाक्य अर्धेच आहे.

वडिलांच्या नावावर कार्ड घ्यायचे आणि पुण्याचा खर्च तिकडे न्यायचा. यात पॉइंट वडिलांचे, जबाबदारीही वडिलांचीच. मुलाला त्यावर ॲड-ऑन देऊन ते स्टुटगार्टमध्ये वापरायचे, ही कल्पना लगेच बाद झाली. मार्कअपचा तोच तोटा, आणि देणे मात्र निवृत्त माणसाच्या डोक्यावर.

काय केले

ऑगस्टच्या शेवटी गणपतीसाठी खातेदार दोन आठवडे पुण्यात आले. कामांचा क्रम आधीच ठरवला होता, कारण एकाचा ओटीपी दुसऱ्याला लागतो.

सुरुवात सिमपासून. प्रीपेड नंबर कमी भाड्याच्या पोस्टपेडवर नेला, रोमिंग चालू असल्याची खात्री केली आणि बिल वडिलांच्या खात्याला जोडले. परदेशी नंबरवर यूपीआय चालवण्याची सोय २०२३ मध्ये पहिल्या दहा देशांसाठी जाहीर झाली, त्यांत जर्मनी नव्हता. भारतीय नंबर जिवंत ठेवणे म्हणूनही गरजेचे. नंतर सगळीकडे वैयक्तिक ईमेल नोंदवला.

दुसरे काम खात्याचे. शाखेत पासपोर्ट, जर्मन निवास परवाना, पॅन, तिथल्या पत्त्याचा दाखला आणि जर्मन कर क्रमांकासह स्वयंघोषणापत्र द्यावे लागले. पत्त्याचा दाखला, म्हणजे तिथल्या नगर कार्यालयाची नोंदणी, जर्मनमध्ये होता आणि शाखेने इंग्रजी भाषांतर मागितले. त्यात तीन दिवस गेले. गणपतीच्या सुट्ट्यांनी आणखी दोन खाल्ले. हे भाषांतर स्टुटगार्टहून निघतानाच करून आणायला हवे होते. खाते एनआरओ झाले, सोबत एनआरई उघडले, आणि दोन्हींत आईला 'आधी खातेदार, त्यांच्या पश्चात आई' या पद्धतीने जोडले.

एनआरओ होताना खाते क्रमांक बदलला. जुन्या क्रमांकाला जोडलेली सगळी ऑटो-डेबिट त्या क्षणी मेली. शाखेत हे कुणी आपणहून सांगितले नाही. खातेदारांनी यादी करून आणली होती म्हणून विमा, सोसायटी आणि दोन्ही कार्डे त्याच दिवशी नव्याने जोडली गेली.

तिसरे काम पॉइंटांचे, आणि ते कार्डाची नोंद बदलण्याआधी केले. अनिवासी नोंद करताना काही बँका कार्डाचा खाते क्रमांकच नवा देतात, आणि जुन्यावरचे पॉइंट अडकले तर पत्रव्यवहार करत बसावे लागते. १,२०,००० पॉइंटांचे ६०,००० मैल केले. मैल कार्डधारकाच्याच विमान-सदस्यत्वात जातात आणि दोन्हीकडचे नाव तंतोतंत जुळावे लागते. त्यांच्या सदस्यत्वात वडिलांचे नाव मधे नव्हते, कार्डावर होते. ते दुरुस्त होईपर्यंत आठवडा गेला.

मग प्रवासाचे आणि कॅशबॅकचे अशा दोन्ही कार्डांवर अनिवासी नोंद आणि स्टुटगार्टचा पत्ता घातला, टपालासाठी कोथरूड ठेवले. आईच्या ॲड-ऑनसाठी तिचा स्वतःचा नंबर नोंदवला. तोपर्यंत आईने सकाळी आठला औषधे मागवली की ओटीपी स्टुटगार्टला पहाटे साडेचारला वाजत असे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार.

वडिलांनी पेन्शनच्या बँकेत एक लाखाच्या मुदत ठेवीवर स्वतःचे कार्ड घेतले, नव्वद हजारांच्या मर्यादेचे. पुण्यातला खर्च त्यावर गेला. मालमत्ता कर आणि वीजबिल यांवर त्या कार्डाला पॉइंट नाहीत, म्हणून ते खात्यातूनच भरतात. खातेदारांनी नवा अर्ज कुठेही केला नाही.

निष्पत्ती

लेट फी बँकेने परत केली. छप्पन्न दिवसांच्या उशिराची नोंद काढायला मात्र नकार दिला, आणि तो रास्त होता. पत-माहितीतली चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे, पण तो चुकीसाठी. ही नोंद खरी होती. अहवालातल्या छत्तीस महिन्यांच्या परतफेडीच्या तक्त्यातून ती २०२८ मध्ये सरकेल. डिसेंबर २०२५ मध्ये स्कोअर ७३८ होता.

६०,००० मैलांत आई-वडिलांची मुंबई–फ्रँकफर्टची एका बाजूची तिकिटे निघाली, कर आणि अधिभार रोख. परतीची पैसे देऊनच काढली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्येच हुकला. एनआरओ, ईमेल आणि पोस्टपेड ही कामे व्हिसा हाती आल्यापासून विमानात बसेपर्यंतच्या काळात सहज झाली असती. निवास परवाना तिथे गेल्यावर मिळतो हे खरे, पण बऱ्याच बँका व्हिसा आणि नोकरीच्या करारावर अर्ज घेऊन ठेवतात. नंतरही कागद साक्षांकित करून पाठवता येतात. स्टुटगार्टसाठी म्युनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास आहे.

वार्षिक शुल्काच्या कार्डाचा निर्णय वेगळा घ्यायला हवा होता. त्यावर खर्च होणारच नव्हता. निघताना पॉइंट मैलांत बदलून ते बंद करायचे, किंवा त्याच बँकेच्या मोफत कार्डात उतरवून घ्यायचे. लेखी विनंतीनंतर, थकबाकी नसेल तर, बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावे लागते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. १,७७० रुपये आकारलेच गेले नसते.

पहिला अर्ज व्हिडिओ कॉलवर अडला तिथे थांबणे हा तिसरा निर्णय. नकाराचे कारण ठिकाण हे होते, आणि बँक बदलल्याने ठिकाण बदलत नाही. उरलेल्या तीन चौकश्या फुकट गेल्या.

एका मुद्द्यावर मतभेद होऊ शकतो. २०१३ चे कार्ड टिकवण्यासाठी धडपडायला हवे होते का? बंद खात्याचा चांगला इतिहासही अहवालात काही वर्षे राहतो, त्यामुळे फटका वाटतो तेवढा मोठा नसतो. तरीही मोफत कार्ड होते, आई-वडिलांपैकी कुणाचा तरी रिचार्ज त्यावरून लागला असता. खातेदारांनी आता कॅशबॅक कार्डावर सोसायटीच्या पार्किंगचे महिन्याचे ३०० रुपये आपोआप लावले आहेत.